किनाऱ्यावरचं छोटं वसाहतकालीन संग्रहालय कसं पाहावं: वस्तू आधी, पाटी नंतर

जुन्या बंदराच्या गावातलं संग्रहालय बहुधा दोन-चार खोल्यांचं असतं. पाच-सहा काचेची कपाटं, भिंतीवर पिवळा पडलेला नकाशा, अंगणात दोन गंजक्या तोफा. येणारा माणूस दारापासून पाट्या वाचत निघतो, प्रत्येक पाटीचा फोटो काढतो आणि वीस मिनिटांत भोज्याला शिवून बाहेर पडतो. आठवड्यानंतर विचारलं तर ‘जुनी भांडी होती, नाणी होती’ यापलीकडे काही सांगता येत नाही.

चूक असते ती क्रमाची. मोठ्या संग्रहालयात पाटीमागे अभ्यासकांचा ताफा उभा असतो. छोट्या ठिकाणी ती पाटी अनेकदा एकाच उत्साही माणसानं कधीकाळी लिहिलेली असते. त्यानंतर कपाट चार वेळा पुसलं जातं, वस्तू सरकतात, देणगीदाराचं म्हणणं तपासलेलं नसतं. म्हणून इथे पाटी हा सर्वांत कच्चा पुरावा धरायचा. वस्तू, नोंदवही, देखरेख करणारा माणूस आणि बाहेरचा परिसर हे तिच्याहून पक्के. खालचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे. सगळं मिळून तीन तास लागतात. वेळ दीडच तास असेल तर टप्पे कमी करू नका, वस्तू कमी करा.

## १. आदल्या आठवड्यात: सत्तांची पट्टी आणि एक प्रश्न

एका कागदावर त्या ठिकाणाच्या सत्ताबदलांची पट्टी लिहा. चार-पाच ओळी पुरतात. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एल्मिनाची पट्टी अशी होईल: १४८२ पोर्तुगीज, १६३७ डच, १८७२ ब्रिटिश. श्रीलंकेतल्या गॉलची: पोर्तुगीजांकडून १६४० मध्ये डच, १७९६ मध्ये ब्रिटिश. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीची: १६२० पासून डॅनिश, १८४५ मध्ये ब्रिटिशांना विक्री. ही पट्टी हातात नसेल तर एकाच फळीवर ठेवलेल्या तीन सत्तांच्या वस्तू ‘इंग्रजांच्या काळातल्या’ म्हणून एकाच पोत्यात जातात.

पट्टीच्या खाली गावाच्या नावाची सगळी जुनी रूपं लिहा. नकाशात, थडग्यावर, पत्रात गाव आजच्या नावानं भेटत नाही. तरंगंबाडीचं ‘ट्रँकेबार’ होतं, जकार्ताचं ‘बटाव्हिया’. काही रूपं तर सरळ फसवतात. इंग्रजी कागदांत ‘बसीन’ म्हणजे आपली वसईही असते आणि ब्रह्मदेशातलं पथेनही. कोणतं ते आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवावं लागतं.

शेवटी एकच प्रश्न ठरवा. ‘इथला इतिहास काय?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याचं उत्तर कपाटात मावत नाही. ‘इथून नेमका कोणता माल जायचा आणि तो गलबतापर्यंत कोण वाहायचं?’, ‘किल्ल्यात गोडं पाणी कुठून येई?’, ‘गावातली कुठली घराणी कंपनीच्या चाकरीत होती?’ असे प्रश्न चालतात. वस्तू निवडताना गाळणी म्हणून हाच प्रश्न वापरायचा आहे.

तपासा: पट्टी, नावांची यादी आणि प्रश्न एका पानावर मावले पाहिजेत. दोन पानं झाली तर तुम्ही भेटीची तयारी सोडून निबंध लिहायला घेतलाय.

## २. दोन दिवस आधी: फोन

छोटी संग्रहालयं बरेचदा एका माणसाच्या किल्लीवर चालतात. तो जेवायला गेला की दार बंद, त्याच्या घरी कार्य असलं की दार बंद. संकेतस्थळावरची वेळ तीन वर्षं जुनी असू शकते. म्हणून फोन कराच, आणि तो ‘उघडं आहे का?’ एवढ्यावर संपवू नका. विचारायच्या गोष्टी या:

१. त्या दिवशी सगळ्या खोल्या उघड्या आहेत का? डागडुजी, शाळेची सहल, खाजगी समारंभ?
२. दुपारची सुट्टी किती ते किती?
३. फोटोला परवानगी आहे का, वेगळं शुल्क आहे का? ट्रायपॉड चालतो का?
४. वस्तूंबद्दल बोलू शकणारी व्यक्ती कोणत्या वेळी असते?
५. प्रवेशिका रोख की फोनवरून?

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. संग्रह माहीत असलेली व्यक्ती आठवड्यातून एखाद्या सकाळीच येत असेल तर तीच सकाळ धरा.

कपाटाबाहेर, कोठीत ठेवलेली वस्तू किंवा दप्तर पाहायचं असेल तर फोन पुरत नाही. निदान दोन आठवडे आधी लेखी विचारा. काय पाहायचं, कशासाठी आणि किती वेळ ते लिहा. नोंद-क्रमांक ठाऊक असेल तर तो द्या. क्रमांक नसताना ‘जुनी कागदपत्रं दाखवा’ म्हटलं तर नकार येणं स्वाभाविक आहे.

सावध: धक्का, बुरुजाचा पाया किंवा वाळूवरचे अवशेष पाहायचे असतील तर ओहोटीची वेळ काढून ठेवा. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या आठवड्यात कोणी सांगितलेली वेळ आज धरली तर गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागेल.

## ३. पिशवीत काय असावं

- शिसपेन्सिल आणि कडक पुठ्ठ्याची वही. पेन नको. शाईचा एक थेंब कागदावर किंवा कापडावर पडला की तो निघत नाही, म्हणून दप्तराच्या खोलीत बहुतेक ठिकाणी पेनला मनाईच असते.
- पाचपट मोठं दाखवणारं भिंग. दहापटीचं भिंग वस्तूच्या फार जवळ न्यावं लागतं आणि काचेआडून निरुपयोगी ठरतं.
- शिंप्याची कापडी टेप. लोखंडी टेप मुद्दाम टाळा, ती सुटून वस्तूवर आपटते.
- छोटी विजेरी, पण विचारूनच वापरायची. तिचा उपयोग पुढे येतो.
- सुटे पैसे, ओळखपत्र, फोनमध्ये रिकामी जागा.

पाण्याची बाटली, ओली छत्री आणि खाऊ दाराशी ठेवा. पाठीवरची सॅक पुढे घ्या किंवा बाहेर ठेवा. अरुंद खोलीत मागे वळणाऱ्या माणसाची सॅक हा काचेचा मोठा शत्रू आहे.

आत अंधार वाटेल. कागद, कापड आणि जलरंगातली चित्रं यांच्यावर प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवायचा असा संग्रहालयांचा शिरस्ता आहे. डोळे सरावायला पाच-सात मिनिटं लागतात. उन्हातून आल्या आल्या ‘काही दिसतच नाही’ म्हणून दिवे लावायला सांगू नका.

## ४. पहिली फेरी: पंधरा मिनिटं, पाटी वाचायची नाही

हा टप्पा गाळायचा मोह सगळ्यांना होतो, आणि गाळला की पुढचं सगळं बिघडतं.

पाट्यांकडे न पाहता सगळ्या खोल्यांतून एकदा चाला. फोटो काढू नका. वहीत खोल्यांचा ओबडधोबड आराखडा काढा आणि प्रत्येक कपाटात ढोबळमानानं काय आहे ते लिहा: भांडी, हत्यारं, कागद, फोटो, समुद्रातून निघालेलं सामान. मग मोजा. जेवणाच्या टेबलावरची भांडी चाळीस आणि शेतीची अवजारं दोन असतील, तर संग्रह कुणाच्या घरातून आला ते पाटी वाचायच्या आधीच कळतं.

रिकाम्या जागाही टिपा. फळीवर धुळीचा किंवा फिकट रंगाचा चौकोन दिसला तर तिथली वस्तू हलली आहे. तिची पाटी शेजारच्या वस्तूला चिकटून राहिली असण्याची शक्यता मोठी असते.

फेरी संपताना जास्तीत जास्त पाच वस्तू निवडा. तुमच्या प्रश्नाशी ज्यांचा संबंध लागतो त्याच.

तपासा: निवडलेल्या पाचात निदान एक वस्तू साधी, वापरून झिजलेली आहे का? पाचही शोभिवंत असतील तर एक बदला. झिजेत वापरणाऱ्याची खूण असते. नक्षीत बहुधा फक्त विकत घेणाऱ्याची ऐपत दिसते.

## ५. दुसरी फेरी: एकेका वस्तूला दहा मिनिटं

प्रत्येक वस्तूसाठी क्रम एकच: पदार्थ, माप, खुणा, झीज, डागडुजी. हे पाच वहीत उतरवल्यावरच पाटी वाचायची. किनाऱ्यावरच्या संग्रहालयात हटकून भेटणाऱ्या वस्तू आणि त्यांच्यातल्या फसगती अशा:

तोफ. आधी वरची राजमुद्रा शोधा. मुकुटाखाली ‘जी आर’ म्हणजे जॉर्ज नावाचा ब्रिटिश राजा. मुकुटाखाली ‘सी’ आणि त्यात आकडा म्हणजे डॅनिश ख्रिश्चन राजांपैकी कोणी. गोलाकार कड्यांचा खगोल किंवा पाच लहान ढाली म्हणजे पोर्तुगीज. एकमेकांत गुंतलेली व्ही, ओ, सी ही अक्षरं म्हणजे १६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी. त्यांच्या डोक्यावर आणखी एक अक्षर असेल तर ते कंपनीच्या शाखेचं: ‘ए’ असेल तर ॲमस्टरडॅम, ‘डी’ असेल तर डेल्फ्ट, ‘आर’ असेल तर रॉटरडॅम. चार भाग केलेलं हृदय आणि वर ४ सारखी खूण म्हणजे इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी.

ब्रिटिश तोफेच्या मागच्या भागावर तीन आकडे कोरलेले दिसले, समजा ३२–१–१४, तर ती तारीख नव्हे. ते वजन आहे: हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. हंड्रेडवेट ११२ पौंडांचा आणि क्वार्टर २८ पौंडांचा. म्हणजे ३५८४ अधिक २८ अधिक १४, एकूण ३६२६ पौंड, सुमारे १६४५ किलो. या आकड्यांना साल समजून सांगणारे वाटाडे भेटतात.

बत्ती द्यायच्या भोकात लोखंडी खिळा ठोकलेला दिसला तर तोफ शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, किंवा शत्रूनं हाती लागल्यावर, निकामी केलेली आहे. मुद्रा सांगते ती तोफ कोणासाठी ओतली एवढंच. शेवटची कोणी डागली ते ती सांगत नाही, कारण जिंकलेल्या तोफा सर्रास वापरात घेतल्या जात.

चिनी मातीची भांडी. कडेला टवका उडालेली जागा शोधा. आतून पांढरं, काचेसारखं घट्ट दिसलं तर ते खरं पोर्सेलीन. आत पिवळसर, भुसभुशीत माती आणि वर पांढऱ्या मुलाम्याचा थर दिसला तर ते युरोपात बनलेलं, चिनी भांड्यांची नक्कल करणारं कथिल-मुलाम्याचं भांडं, डेल्फ्ट जातीचं. निळ्या नक्षीच्या इंग्रजी ताटांवर नक्षी छापील कागदावरून उठवलेली असते. काठाला एका ठिकाणी तिचे दोन तुकडे नीट जुळत नाहीत, ती सांध्याची जागा भिंगातून पाहा. विलो वृक्ष, पूल आणि दोन पक्षी असलेली नक्षी दिसायला चिनी, पण ती १८व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जन्मली. तळाशी इंग्रजीत देशाचं नाव छापलेलं असेल तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. अशा ताटावर ‘१८वं शतक’ अशी पाटी असेल तर वहीत प्रश्नचिन्ह टाका.

बाटल्या. साच्याची उभी शिवण पाहा. ती ओठाच्या वरपर्यंत सलग गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातली. स्वयंचलित बाटली-यंत्र १९०३ च्या सुमारास आलं. तळाशी खरबरीत गोल व्रण असेल तर बाटली फुंकून केलेली आहे, आणि तोंड घडवताना धरायला तळाला चिकटवलेली सळई तिथे तोडली आहे. चौकोनी बाटल्या दिसल्या तर त्या पेटीत घट्ट बसाव्यात म्हणून तशा केल्या आहेत. जहाजावर जागा महाग.

मातीच्या चिलमी. पांढऱ्या मातीचे हे मोडके तुकडे लोक बघतही नाहीत, आणि कपाटातली सर्वांत बोलकी वस्तू बहुतेक वेळा हीच असते. इंग्रजी चिलमींच्या नळीचं भोक काळाबरोबर बारीक होत गेलं. १७व्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे साडेतीन मिलिमीटर, १८व्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे दीड. तंबाखू भरायचं भांडं मात्र तंबाखू स्वस्त होत गेली तसं मोठं झालं. एका तुकड्यावरून साल ठरवू नका, हा ढिगाचा हिशेब आहे. डच चिलमींना तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

नकाशे. पहिली तपासणी भिंगानं. रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ती आजच्या छपाईची प्रत. अस्सल ताम्रपट-छपाईत रेषा सलग असतात आणि चित्राभोवती ताम्रपटाच्या काठाचा दबलेला चौकोन दिसतो. मात्र तो कडेनं कापूनही टाकलेला असतो. प्रत असली म्हणून नकाशा टाकाऊ नव्हे, पण ‘मूळ’ म्हणून नोंदवू नका.

मग दिशा. उत्तर वर असेलच असं नाही, आधी होकायंत्राचं फूल शोधा. समुद्रात विखुरलेले आकडे म्हणजे खोली, इंग्रजी नकाशांत बहुधा वावांत, म्हणजे फॅदममध्ये. एक फॅदम सहा फुटांचा, १.८३ मीटरचा. या आकड्यांवरून मोठी गलबतं किती लांब नांगरावी लागत ते कळतं, आणि मग माल होडीनं किनाऱ्याला का आणत त्याचंही उत्तर मिळतं. रेखांशाचे आकडे जुळले नाहीत तर नकाशाला दोष देण्याआधी शून्य कुठे आहे ते पाहा. १८८४ च्या आधी ग्रिनिच हाच सर्वमान्य शून्य नव्हता. फ्रेंच नकाशे पॅरिसपासून मोजत, आणि पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटांवर आहे.

चित्रं आणि फोटो. ब्रिटिश झेंड्यात पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांच्या आत लाल तिरप्या पट्ट्या असतील तर चित्र १८०१ नंतरचं, कारण आयर्लंडचा लाल क्रॉस त्या वर्षी झेंड्यात आला. खाली १७५० लिहिलेलं असलं तरी. ‘१८२० सालचा फोटो’ अशी पाटी मिळाली तर हसू आवरा. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. जुन्या स्टुडिओतल्या ‘स्थानिक माणसां’च्या फोटोंत मागचा पडदा, हातातली वस्तू आणि पायाखालचा गालिचा पाहा. पोशाख आणि पवित्रा अनेकदा छायाचित्रकारानं ठरवलेला असतो, त्यामुळे तो रोजच्या जगण्याचा पुरावा धरता येत नाही.

विजेरीचा उपयोग इथे. परवानगी असेल तर दगडावर किंवा धातूवर समोरून नव्हे, अगदी बाजूनं, जवळजवळ आडवा प्रकाश टाका. पुसट अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ती उठून दिसतात. कागद, कापड आणि रंगवलेल्या वस्तूंवर विजेरी वापरू नका.

सावध: तांब्या-पितळेवर फिकट हिरवी, पिठासारखी पूड किंवा लोखंडावर नारिंगी थेंब आणि सुटणारे पापुद्रे दिसले तर बोट लावू नका. समुद्राच्या क्षारांमुळे धातू आतून अजून सडतो आहे असा त्याचा अर्थ. बाहेर पडताना देखरेख करणाऱ्याला वस्तूचा क्रमांक सांगा. समुद्रातून काढलेलं लोखंड कित्येक महिने क्षार उतरवल्याशिवाय टिकत नाही, आणि छोट्या संग्रहालयात ते झालेलं असेलच असं नाही.

## ६. आता पाटी वाचा

पाटीवर तीन गोष्टी शोधा: वस्तू कुठे सापडली, कोणी दिली, कधी आली. तिन्ही असतील तर पाटी भरवशाची. एकही नसेल तर ती सजावट समजा.

नोंद-क्रमांक अवश्य उतरवा. १९८७.१४.३ अशा धर्तीचा असेल तर बहुधा पहिला भाग वस्तू संग्रहालयात आल्याचं साल, दुसरा त्या वर्षातली कितवी देणगी, तिसरा त्या देणगीतली कितवी वस्तू. १९८७ हे वस्तूचं वय नव्हे. तेवढंच उपयोगी म्हणजे .१४ असलेल्या सगळ्या वस्तू एकाच घरातून आल्या. त्या वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेल्या सापडल्या तर वहीत एकत्र करा. एका घराचा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो.

मग भाषा. ‘वखार उभी राहिली’, ‘मजूर आणले गेले’, ‘गाव हलवण्यात आलं’ अशा वाक्यांत करणारा गायब असतो. प्रत्येक अशा वाक्यापुढे ‘कोणी?’ लिहा. ‘नोकर’ हा शब्दही तपासून घ्या. हिंदी महासागराच्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरच्या युरोपीय वसाहतींत गुलाम ठेवले जात, आणि जुन्या पाट्यांत तेच ‘नोकर’ किंवा ‘सेवक’ होऊन बसतात. मालाच्या पेट्या, बेड्या आणि कवड्या एकत्र मांडलेल्या असतील तर कवड्यांना दागिना समजू नका. मालदीवच्या कवड्या बंगालात चलन होत्या, आणि युरोपीय जहाजांनी त्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन माणसांच्या खरेदीत वापरल्या.

## ७. माणसाशी बोला, पण शेवटी

आल्या आल्या देखरेख करणाऱ्याला ‘सांगा काय काय आहे’ म्हटलं तर तो पाठ केलेलं भाषण सुरू करतो. त्याचा दोष नाही, रोज तेच विचारलं जातं. पाच वस्तू पाहून झाल्यावर वही उघडून विचारलं की तोच माणूस वेगळा बोलतो. विचारायचं असं:

- ‘१४ नंबरच्या देणगीतल्या सगळ्या वस्तू एकाच घरातल्या का?’
- ‘ही वस्तू आधी कुठे ठेवलेली होती?’
- ‘गावातले लोक याला काय म्हणतात?’
- ‘नोंदवहीत या क्रमांकापुढे काय लिहिलंय ते बघता येईल का?’

नोंदवही दाखवली तर स्वतः पानं उलटू नका. त्यांना उलटू द्या. कागद हाताळायला दिलाच तर हात धुऊन कोरडे करा. जुन्या कागदाला मोजे नकोत, मोज्यानं बोटांची जाण जाते आणि पान फाटतं. फोटो आणि धातूच्या वस्तूंना मात्र मोजे हवेत, कारण घामातले क्षार त्यांना खातात.

पाटी चुकीची वाटली तर तिथल्या तिथे वाद घालू नका. क्रमांक, पाटीवरचा मजकूर, तुम्हाला दिसलेली खूण आणि तुमचं कारण अशा चार ओळी कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेली दुरुस्ती दारातच विरते, लिहिलेली फायलीत जाते.

## ८. बाहेर: तट, धक्का, थडगी

संग्रहालय आतल्या वस्तूंवर संपत नाही, आणि बाहेर आधी गेलात तर काय शोधायचं ते कळत नाही. म्हणून आता.

किनाऱ्यावर आणि भिंतींत विटा पाहा. स्थानिक विटांपेक्षा लहान, पिवळसर विटा दिसल्या तर त्या डच असू शकतात. जहाजाला वजन म्हणून त्या तळाशी भरून आणत आणि बांधकामात वापरत. एकीला हात घालून पिशवीत टाकू नका.

सर्वांत जास्त चुका होतात त्या थडग्यांवरच्या तारखा वाचताना.

पहिली चूक महिन्याची. आकडा ७ आणि पुढे ‘बर’ अशी अक्षरं म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. त्याचप्रमाणे ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर.

दुसरी चूक सालाची. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारीतल्या मृत्यूपुढे १७०९/१० असं जोडसाल दिसतं. आजच्या हिशेबानं ते १७१०. जोडसाल न देता नुसतं १७०९ असेल तर शंका कायम ठेवा.

तिसरी चूक दिवसांची. नवं, म्हणजे आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर पोर्तुगालनं १५८२ मध्ये घेतलं, डेन्मार्कनं १७०० मध्ये, ब्रिटननं थेट १७५२ मध्ये. त्यामुळे एकाच लढाईची तारीख पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत दहा किंवा अकरा दिवसांनी वेगळी येते. दोन्ही बरोबर असतात. पाटीवर ‘मतभेद आहेत’ असं लिहिलेलं असलं तर आधी हे तपासा.

चौथी वयाची. लॅटिन लेखात ‘वयाच्या ३४व्या वर्षात’ अशा अर्थाची रचना असते, म्हणजे पूर्ण झालेली वर्षं ३३.

अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून दगडावर खडू, पीठ किंवा शाई फासू नका, आणि कागद ठेवून पेन्सिलीनं घासूनही ठसा घेऊ नका. खारट हवेनं दगडाचा वरचा थर आधीच सुटलेला असतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की फोटो काढा, तेवढं पुरतं.

सावध: चर्च, मशीद, देऊळ किंवा कबरस्तान वापरात असेल तर ते प्रदर्शन नव्हे. प्रार्थना चालू असताना आत जाऊ नका. जुन्या घरांचे फोटो काढताना दारात कोणी असेल तर विचारा. बेड्या, कोठड्या आणि गुलामांच्या खोल्यांत हसरे सेल्फी काढू नका, त्यांचे वंशज त्याच गावात राहत असतात.

## ९. परतून एक वस्तू, मग फोटो

बाहेरून आल्यावर पाचांतली एकच वस्तू पुन्हा पाहा, दहा मिनिटं. नकाशातली खोली आणि धक्का पाहिल्यानंतर तोच नकाशा वेगळा दिसतो. अनेकजण हे राहू देतात आणि गाडीत बसल्यावर चुटपुट लागते.

फोटो आता, आणि या क्रमानं: आधी पाटी, मग वस्तू समोरून, मग खुणा जवळून, शेवटी सगळं कपाट. पाटी आधी घेतली की घरी गेल्यावर कोणता फोटो कशाचा ते शोधावं लागत नाही. फ्लॅश बंद. काचेवरचं प्रतिबिंब टाळायला फोन काचेला अगदी जवळ, किंचित तिरका धरा आणि हातानं किंवा गडद रुमालानं कडेचा उजेड अडवा. काचेला टेकू नका.

माप हवं असेल तर टेप काचेच्या बाहेरून, वस्तूच्या शक्य तितकी जवळ धरून फोटो घ्या आणि ‘अंदाजे’ असं लिहा. काचेआडून घेतलेलं माप दोन-तीन सेंटिमीटर सहज चुकतं.

## १०. दोन दिवसांच्या आत

टिपणं ४८ तासांत नीट उतरवा. त्यानंतर स्वतःचीच संक्षिप्त अक्षरं लागत नाहीत. प्रत्येक वस्तूच्या पानावर तीन रकाने करा: मी पाहिलं, पाटीनं सांगितलं, माणसानं सांगितलं. तिघांना एकत्र करून एक गोष्ट बनवायची घाई करू नका. जिथे रकाने जुळत नाहीत तिथे तारीख टाकून प्रश्न लिहून ठेवा.

फोटो कुठे टाकणार असाल तर परवानगी घरगुती वापरापुरती होती की प्रसिद्धीलाही होती ते आधी पाहा. सोबत संग्रहालयाचं नाव आणि नोंद-क्रमांक द्या. क्रमांक नसलेला फोटो पुढच्या वाचकाला त्या वस्तूपर्यंत नेऊ शकत नाही. संग्रहालयाला चांगल्या फोटोंची एक प्रत पाठवायची असेल तर फाइलचं नाव नोंद-क्रमांकानंच सुरू करा. नोंदवहीत जोडताना त्यांना तेच लागतं.